साडेतीन बोटं

निफाडच्या थंडीचा आकडा रोज पेपरात छापून येतो. दिंडोरीकडच्या थंडीला मेलं कुणी विचारत नाही. म्हणून इकडे ती कमी पडते असं थोडंच आहे? त्या डिसेंबरात तर तिनं कहर केला. द्राक्षांचे मणी तडकू नयेत म्हणून पहाटे बागेत जागोजागी शेकोट्या पेटवायच्या, धूर करायचा, बागेला ऊब द्यायची, हेच गावाचं काम होऊन बसलं होतं. बांधावरच्या गवतावर दव गोठलेलं, नळाचं पाणी हाताला चावणारं, आणि उन्हं वर आली तरी बोलताना तोंडातून वाफ. म्हातारीकोतारी माणसं पारावर म्हणायची, असली थंडी सुमीच्या बाळंतपणाच्या साली पडली होती बघा. आणि बायडाबाई दिसली की गप्प व्हायची, कारण सुमी ही तिचीच लेक.

नेमक्या ह्या थंडीत बायडाबाईची सून बाळंत झाली. ज्योत्स्नाला आई नव्हती, त्यामुळे पहिलटकरीण असूनही माहेरी जायची सोय नव्हती. "मी काय मेले का?" बायडाबाई म्हणाली, आणि पदर खोचून उभी राहिली. नाशिकच्या दवाखान्यात मुलगी झाली. घरी आणली तेव्हा ती एवढीशी, दुपट्यात हरवून जाईल अशी होती. बायडाबाईनं तिला बघितलं, आणि आनंदाआधी भीतीनं दुपटं आणखी घट्ट गुंडाळलं.

"मागची खोली झाडून घे," ती मुलाला म्हणाली.

शेखर जरा घुटमळला. "आई, ती खोली?"

"खोलीनं काय केलंय? जिनं केलं ती मेली."

आता हे काय प्रकरण, ते सांगायला पाहिजे. वीस-बावीस वर्षांमागं बायडाबाईचं घर कौलारू होतं. कौलांतून चांदणं दिसायचं, भिंतींच्या फटीतून वारं शीळ घालायचं. मग द्राक्षानं चार पैसे दिले आणि त्याच जागी स्लॅबचं घर उभं राहिलं, सरकत्या काचांच्या खिडक्यांचं. गावातलं पहिलं. बायडाबाईला त्या घराचा काय तोरा! त्याच हिवाळ्यात सुमन पहिल्या बाळंतपणाला आली. मुलगा झाला. बाळाला आणि बाळंतिणीला न्हाऊमाखू घालायला धोंडाबाई यायची. ती गावाची न्हाणीवाली. निम्मं गाव तिच्या पायांवर पालथं पडून रडलेलं. उजव्या हाताची करंगळी कुट्टीच्या मशीनमध्ये अर्धी गेलेली, पण त्या साडेतीन बोटांनी ती लेकराची टाळू अशी भरायची की रडतं पोर झोपी जायचं.

एका सकाळी न्हाणं झालं, बाजेखाली शेगडी ठेवली, ओवा-शेपाची धुरी दिली, दार ओढून घेतलं. शेक चालू होता. आणि बायडाबाई परत येऊन बघते तर धोंडाबाईनं खिडकी सताड उघडलेली, हाडं गोठवणारं वारं आत येतंय, आणि उघडंनागडं लेकरू तिनं त्या वाऱ्यापुढं धरलेलं. लेकरू गेलं. गावानं एकच म्हटलं, वारं लागलं. आणि वारं कुणी दाखवलं, तर धोंडाबाईनं. बायडाबाईनं तिला अंगणातून ओढत बाहेर काढलं आणि गावादेखत म्हणाली, "डाकीण हाय ही. माझं लेकरू खाल्लं हिनं."

मग काय, गावाचं तोंड कोण धरणार? धोंडाबाईला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तिच्या सावलीलासुद्धा बाया लेकरं झाकून घ्यायच्या. काही वर्षांनी अशाच एका पौषात ती तिच्या झोपडीत मेलेली सापडली. चूल गार. अंगावर एक फाटकी गोधडी. थंडीनं गेली म्हणतात. बायडाबाई मातीला गेली नाही.

दुधानं पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं. बायडाबाईनं नातीसाठी तीच खोली निवडली, कारण ती लहान, एका खिडकीची, लवकर तापणारी. आणि न्हाणीवाली बोलावलीच नाही. "माझ्या लेकराला मी कुणाचा हात लागू द्यायची नाय," ती म्हणाली. स्वतःच न्हाऊ घालायची, स्वतःच तेल लावायची, स्वतःच बाभळीचा कोळसा फुलवून बाजेखाली सारायची. मग खिडकी ओढायची, दार लावायची, आणि ओट्यावर येऊन शेंगा निवडत बसायची. पोरीला तळहातावरच्या फोडासारखं जपत होती.

पहिल्याच दिवशी शेक आटोपल्यावर तिनं दार उघडलं, आणि खिडकी चार बोटं उघडी.

"ज्योत्स्ना! अगं, खिडकी कुणी उघडली?"

"मला काय माहीत? आई, मीच इथं कुडकुडतेय, मी कशाला उघडू?"

बायडाबाईनं खिडकी धाडकन लावली. तेव्हा तिला तो वास आला. भाजलेल्या मिश्रीचा, कडवट. घरात मिश्री कुणीच लावत नव्हतं. धोंडाबाई लावायची. न्हाणं घालता घालता बोटानं दात घासत गप्पा मारायची, आणि बायडाबाई तिला त्यावरून चिडवायची. वास आला आणि गेला. असेल बाहेरून आला, तिनं मनाला सांगितलं. मनानं ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीची खिटी आतून घट्ट लावली, लावून दोनदा ओढून बघितली. शेक झाल्यावर दार उघडते तर खिटी खाली आणि खिडकी पुन्हा चार बोटं उघडी. ह्या वेळेस काचेवर ठसा होता. आतल्या बाजूनं. तेलकट बोटांचा. बायडाबाई जवळ गेली. तिची स्वतःची बोटं तेलकट असायचीच, आपलाच असेल म्हणून तिनं आपला हात ठशावर लावून बघितला. तीन बोटं जुळली. चौथं जुळेना. ठशातली करंगळी अर्ध्यातच संपत होती.

बायडाबाई बाजेची कड धरून खाली बसली. ज्योत्स्नानं विचारलं, "काय झालं, आई?" तर म्हणाली, "काय नाय, चक्कर आली." पदरानं ठसा पुसला.

एक खाऊन धोंडाबाईचं पोट भरलं नाही. दुसरं न्यायला आली. बायडाबाईच्या डोक्यात हे एकदा बसलं ते बसलं. मग तिनं काय करायचं बाकी ठेवलं? लेकराच्या उशाखाली विळा ठेवला. दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. दोन वेळा मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली, चुलीत टाकल्या. कपाळाला तीट, तळपायाला तीट, कानामागं तीट. लेकरू ठिपक्याठिपक्यांचं दिसायला लागलं. शेखर हसला.

"आई, खिडकीचा ट्रॅक सैल झालाय गं. वाऱ्यानं सरकते. बागेचं आटपलं की मिस्त्री बोलावतो."

"वाऱ्यानं खिटी पडते व्हय रे?"

"मग भूत पाडतं?" तो म्हणाला, आणि आईचा चेहरा बघून हसायचा थांबला.

तिसऱ्या सकाळी बायडाबाईनं आत शेगडी सारली आणि स्वतः घराला वळसा घालून खिडकीबाहेर जाऊन उभी राहिली. दोन्ही तळहात काचेवर दाबून धरले. बघतेच कशी उघडते ती! थंडीनं बोटं बधिर झाली, नाकातून पाणी गळायला लागलं, पण तिनं हात काढले नाहीत. काच तिच्या हाताखाली हलत होती. हळूहळू, कुणी आतून विनवणी केल्यासारखी. बायडाबाईनं दात खाऊन ती दाबून धरली. शेक संपेपर्यंत खिडकी उघडली नाही.

त्या दिवशी ज्योत्स्नाचं डोकं ठणकायला लागलं. दोनदा ओकली. लेकरू दूध ओढेना, मलूल पडून राहिलं. संध्याकाळपर्यंत दोघी सावरल्या. पण बायडाबाईला काय वाटावं? तिला वाटलं, अडवलं म्हणून चिडली. बाधा झाली. आधीचे दोन दिवस खिडकी उघडी होती तेव्हा दोघींना काहीच झालं नव्हतं, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. भीतीनं माणसाचे डोळे असे बांधले जातात की समोरचा हत्ती दिसत नाही.

"आई, आज शेक नको," दुसऱ्या दिवशी ज्योत्स्ना म्हणाली. "डोकं जड होतंय."

"शेक न घेऊन कसं चालंल? जन्माची कंबर धरंल. आणि लेकरू बघ, हातपाय कसे बर्फ झालेत. बाहेर दवाचं पांढरं झालंय, पोरी."

ते खरंच होतं. हिवाळ्यातली सगळ्यात वाईट सकाळ होती ती. बागा धुरात आणि धुक्यात बुडालेल्या, चार हातांवरचा गोठा दिसत नव्हता. बायडाबाईनं रोजच्यापेक्षा दुप्पट कोळसा फुलवला. मग पेट्या बांधायची ती रुंद चिकटपट्टी घेतली, द्राक्षाच्या हंगामासाठी शेखरनं आणून ठेवलेली, आणि खिडकीच्या चारी कडा आतून पट्टीनं बंद केल्या. एकावर एक, तीन थर. खोली अशी बंद झाली की मुंगी शिरणार नाही. नातीच्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, "आता बघू कशी येते," दार ओढून घेतलं आणि बाहेरून खालच्या फटीत गोधडी कोंबली. मग क्रेट पालथा घालून खिडकीबाहेर पहाऱ्याला बसली.

काचेवर आतून वाफ धरली होती, आतलं काही दिसत नव्हतं. बराच वेळ सगळं शांत होतं. लेकरू निजलं, बायडाबाईला वाटलं, आणि किती दिवसांनी तिच्या जिवाला थंडावा मिळाला.

मग टकटक झाली.

काचेवर. आतून. हळू, बोटाच्या पेरानं केल्यासारखी. बायडाबाई ताडकन उठली. भुताला घाबरायचं नसतं, शिव्या घालायच्या असतात, हे तिला आजीनं शिकवलेलं. तिनं तोंड सोडलं. "रांडे, धोंडे, चालती हो! एक घेतलंस, दुसरं मिळायचं नाय! तुझा मुडदा बसवला तरी तुझी भूक गेली नाय का गं?" टकटक थांबेना. जोरात झाली. मग अख्ख्या तळहाताची थाप पडायला लागली, धाप, धाप, धाप. पट्टी ताणली जात होती, कडेनं चरचरत होती, पण सुटत नव्हती. तीन थर होते. बायडाबाई शिव्या देत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम.

आणि मग थाप थांबली. वाफ धरलेल्या काचेवर आतून बोटं टेकली. तीन पुरी, एक अर्धं. ती टेकली आणि हळूहळू खाली सरकली. त्यांनी वाफ पुसली गेली, काचेत स्वच्छ पट्टे उमटले. बायडाबाईला पळून जायचं होतं. पण त्या पट्ट्यांतून खोली दिसत होती, आणि खोलीत तिची नात होती, म्हणून तिनं डोळा लावला.

आत धोंडाबाई नव्हती. कुणीच नव्हतं. बाजेवर ज्योत्स्ना आडवी, हात खाली लोंबलेला, तोंड उघडं. शेजारी लेकरू. निश्चल. आणि लेकराचे गाल गुलाबी होते. लालबुंद, गोंडस, कधी नव्हते इतके.

ते गाल बायडाबाईनं आधी बघितले होते. सुमीच्या लेकराचे. त्या सकाळी धोंडाबाईच्या हातात ते लेकरू असंच गुलाबी होतं. थंडीनं गेलेलं लेकरू निळं पडतं, बायडे, पांढरं पडतं, गुलाबी कसं होईल? आणि सुमी अशीच, हात लोंबवून पडलेली, बाळंतपणाची ग्लानी म्हणून सोडून दिलेली. बावीस वर्षं हे तिच्या डोळ्यांत होतं, पण तिला दिसलं नव्हतं. धोंडाबाई तेव्हा ओरडत होती. काय ओरडत होती तेही आठवलं. "कोंडलंय गं पोर! अजून धुकधुकी हाय, वाऱ्यावर धरू दे!"

बायडाबाईनं पायाखालचा दगड उचलला आणि काचेवर घातला. काच खळ्ळकन फुटली. आतली ऊब तिच्या तोंडावर आली. ती वळसा घालून धावली, साठी उलटलेली बाई, चपला कुठं पडल्या भान नाही. दार उघडलं, गोधडीला अडखळून गुडघ्यावर आपटली, लेकरू उचललं आणि अंगणात आणलं. दुपटं सोडलं. टोपडं काढलं. आणि त्या गोठवणाऱ्या वाऱ्यात लेकराला दोन्ही हातांवर पुढं धरून उभी राहिली, अगदी धोंडाबाई उभी होती तशी.

"शेखर! अरे शेखर!"

तो बागेतून पळत आला. त्यानं ज्योत्स्नाला उचलून ओट्यावर आणलं, तोंडावर पाणी मारलं. ती ओकली, कण्हली, डोळे उघडले. लेकरू मात्र हलेना. बायडाबाई त्याच्या छातीवर फुंकर घालत होती, पाठ चोळत होती, "रड गं बाय, रड, तुझ्या पाया पडते, रड," म्हणत होती. मग लेकराचं तोंड वाकडं झालं. एक बारीक उचकी. आणि ते रडलं. असं रडलं की गोठ्यातली गाय हंबरली. शेखरनं तिघींना गाडीत घातलं आणि नाशिक गाठलं.

दवाखान्यात दोघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टरीण तरुण होती, पण बोलायला सरळ. "आजी, बंद खोलीत निखारा ठेवायचा नाही. त्यातून विषारी वायू निघतो. वास येत नाही, दिसत नाही, माणूस झोपेतच जातं. गाल उलट लाल दिसतात. थोडा उशीर झाला असता तर दोघी गेल्या असत्या."

"पूर्वी तर आम्ही हेच करायचो की."

"तुमचं पूर्वीचं घर कौलारू होतं का?"

बायडाबाईनं होय म्हणून मान हलवली. कौलांच्या फटींतून वारं खेळायचं, ते आता तिला कळलं.

"आणि खिडकी जरा उघडी असती तर? चार बोटं?" तिनं विचारलं.

"तर काही झालं नसतं."

बायडाबाई बाकावर जाऊन बसली. शेखरनं चहा आणला, तो तिनं तसाच गार होऊ दिला. ती एकच गोष्ट बघत होती. त्या सकाळी धोंडाबाईच्या हातातून तिनं लेकरू हिसकावून घेतलं होतं. धुकधुकी होती ना अजून? होती. मग तिनं काय केलं? खिडकी लावली, दार लावलं, आणि लेकराला ऊब लागावी म्हणून पुन्हा शेगडीजवळ नेऊन निजवलं. आपल्या हातानं. वारं लागू नये म्हणून.

बारशाला सुमन आत्या म्हणून देवळ्याच्या सासरहून आली. पाळण्याआधी बायडाबाईनं तिला मागच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. सुमन खिडकीजवळ गेली, नव्या काचेवर कपाळ टेकून उभी राहिली. "धोंडाबाई मला लाडानं हिरामोती म्हणायची," एवढंच म्हणाली. "मी तिच्या दारावर थुंकले होते, आई." त्या दिवशी मायलेकी दोघी जेवल्या नाहीत.

न्हाणीवालीला बारशाला लुगडं-चोळी आणि नारळ द्यायचा असतो. धोंडाबाईचं देणं बाविसाव्या वर्षी निघालं. बायडाबाईनं हिरवं लुगडं आणलं, वर चोळी, वर नारळ, आणि मिश्रीची पुडी. सगळं खिडकीच्या कट्ट्यावर मांडलं. खोलीत आता शेगडी नव्हती. लेकरू गोधडीत, गरम पाण्याची पिशवी पायाशी, ऊन आलं की अंगणात. न्हाणं झाल्यावर बायडाबाईनं खिडकी पूर्ण लावून घेतली, मुद्दाम, आणि दाराआड उभी राहिली. तिला एकदा धोंडाबाईचा हात धरायचा होता. साडेतीन बोटांचा तो हात डोळ्यांना लावायचा होता.

"धोंडामावशी," ती म्हणाली, "ये गं. उघड खिडकी."

बऱ्याच वेळानं ती आत गेली. खिडकी लावली होती तशीच लागलेली होती. काच स्वच्छ होती. वास होता तो फक्त लेकराच्या दुधाचा. लुगड्याची घडी मोडलेली नव्हती.

ती उभ्या उभ्या रडली. मग तिनं खिटी काढली आणि आपल्या हातानं खिडकी चार बोटं उघडली.